चिठ्ठीत निघालेला देश

वर्गात नऊ बाक होते, दोन पंखे, एक फळा, आठ विद्यार्थी आणि भिंतीवर एक नकाशा. नकाशाची उंची एकोणचाळीस इंच होती आणि त्यात श्रीलंका नव्हती. खालचा भाग कधीतरी वाळवीने खाल्ला होता. कन्याकुमारी संपली की थेट भिंत लागायची.

बुद्धभूषण सरांनी जेवणाचा रिकामा डबा हलवला आणि पहिल्या बाकासमोर धरला. डब्यात आठ चिठ्ठ्या होत्या. डबा सकाळीच धुतला असला तरी लसणाच्या चटणीचा वास काही गेला नव्हता, त्यामुळे दरवर्षी सगळ्याच देशांना तो वास यायचा.

विषयाचं नाव लांबलचक होतं : ‘शेजारी देशांच्या अर्थव्यवस्था – एक तुलनात्मक अभ्यास’. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला तो ऐच्छिक होता. सर तो चौदा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि चौदा वर्षं त्यांची रीत एकच होती. प्रत्येकाने डब्यातून एक देश उचलायचा. मग सहा महिने तो देश त्याचा. त्याने चारच प्रश्न घेऊन त्या देशात हिंडायचं : भाव कोण ठरवतं? कारखाना कुणाचा? जमीन कुणाच्या नावावर? आणि रांग कशासाठी लागते? हजेरीसुद्धा देशाच्या नावाने व्हायची. मालदीव मात्र सर डब्यात टाकत नसत. ते त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. तिथे लोक फक्त समुद्रात डुंबतात असं पोरांना वाटेल, म्हणायचे. विद्यापीठात त्यांना ‘देशवाले सर’ म्हणत. या नऊपैकी एकही देश त्यांनी पाहिलेला नव्हता.

संस्कृतीने चिठ्ठी उघडली. श्रीलंका.

“सर, माझा देश तर नकाशातच नाय.”

“मग तुला जास्त शोधावा लागेल.”

“बदलून द्या ना, सर.”

“शेजार बदलून मिळत नाही,” सर म्हणाले. हेही ते चौदा वर्षं म्हणत आले होते.

वैजापूरच्या करुणाला बांगलादेश निघाला. पाचोडच्या बन्सीला नेपाळ मिळाला, तेव्हा त्याने डोक्यावर नसलेली नेपाळी टोपी नीट केली. आमरीनने आपली चिठ्ठी उघडली, वाचली आणि पुन्हा घडी घातली. सरांनी विचारल्यावर ती हळूच म्हणाली, “पाकिस्तान.”

“घ्या,” बन्सी म्हणाला, “आता मॅचच्या दिवशी वर्गात दोन बाजू.”

तिघंचौघं हसले. आमरीनही हसली, पण हसू ओठांपुढे गेलं नाही. करुणाने बाकाखालून बन्सीच्या पायावर पाय दिला. सरांना ते सगळं दिसलं होतं. पण पुढची चिठ्ठी उघडली जात होती, बन्सीला रागवायचं राहून गेलं.

घरी आल्यावर मालनबाईंनी, म्हणजे सरांच्या आईने, ठरलेला प्रश्न विचारला, “नेपाळ कुणाला निघालं रं?” तथागत जन्मले ते लुंबिनी आता नेपाळात आहे, हे लेकाने त्यांना कैकदा सांगितलं होतं. त्यांना ते पटलेलं नव्हतं, पण ज्याला नेपाळ निघेल त्याला त्या न चुकता रव्याचे लाडू पाठवत. बन्सी नावाच्या पोराला निघालं, असं सरांनी सांगितलं.

“नीट करल का त्यो?”

“करंल. तोंड जरा पुढं पळतं त्याचं.”

पुढच्या आठवड्यात तास संपल्यावर आमरीन टेबलापाशी थांबली. मला विषय बदलायचा आहे, म्हणाली, बँकिंग घेते. वेळ जमत नाही. सरांनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्या वर्षापासून ही मुलगी वर्ग उघडायच्या आधी येऊन व्हरांड्यात वाचत बसायची. ठीक आहे, ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत मुदत आहे, विचार कर.

ती गेल्यावर करुणा आत आली. तिने एका वाक्यात सांगितलं की वेळेचं काही नाही, आमरीनचे अब्बा नको म्हणतात.

विभागाचा नियम साधा होता. ऐच्छिक विषयाला आठ विद्यार्थी पाहिजेत. सात झाले की विषय बंद, आणि विषय बंद झाला की त्याचे तासही बंद. या तासांवर सरांचं वर्ष उभं असायचं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे तास मागत फिरायचं कसं, याचा विचार ते व्हरांड्यातून स्कूटरपर्यंत जाताना करत राहिले. मग त्यांना स्वतःचीच शरम वाटली. पोरीची अडचण काय, आणि आपण हिशेब कशाचा करतोय.

बुधवारी दुपारी ते चिकलठाण्याला गेले. आमरीनच्या वडिलांचं, नूरमोहम्मद यांचं, जालना रोडलगत रिक्षाचे हूड शिवायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. दारात एक रिक्षा उघड्या सांगाड्याने उभी होती आणि नूरमोहम्मद तिच्या लोखंडी कमानीवर काळं रेक्झिन ताणून पाहत होते. तोंडात खडूचा तुकडा, खिशात टेप. सरांना पाहताच त्यांनी खडू काढला, स्टूल पुसलं आणि मागे चहा सांगितला. पोरीचे सर घरी येणं ही त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती. पण सर कशाला आले तेही त्यांना कळलं होतं.

इकडचं तिकडचं झालं. चहा आला. मग नूरमोहम्मद स्वतःच बोलले.

“सर, तुमचा मान हाय म्हणून साफ सांगतो. मला पाकिस्तानशी ना लेना ना देना. माझा भाऊ बी तिकडं नाय, चुलता बी नाय. अख्खं खानदान हितंच गाडलंय. पण पोरगी आता रोज रात्रंदिन फोनवर तेच नाव टाकनार. लाहोर, कराची, हे न ते. उद्या तिला सरकारी नोकरी लागली, चौकशीला मानूस आला, इचारलं हे काय, तर मी काय सांगू? चिठ्ठीत निघालं म्हनून?”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. चौदा वर्षांत पाकिस्तान कितीतरी जणांना निघाला होता. दोघातिघांनी त्यावर शोधनिबंध लिहिले होते. हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता, आणि आपल्यालाही तो कधी सुचला नाही, याचं त्यांना जास्त वाटलं. डब्यात चिठ्ठ्या सारख्या असल्या तरी उचलणारे हात सारखे नसतात, एवढी साधी गोष्ट.

जिभेवर आलं होतं की नूरभाई, ती गेली तर विषयच बंद होईल. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. खरं होतं, पण ते सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या भीतीवर आपलं ओझं ठेवणं.

“तुमचं बरोबर आहे, नूरभाई,” ते म्हणाले. “घेऊ द्या तिला बँकिंग. हुशार आहे, कुठंही चमकेल.”

नूरमोहम्मद यांना वाद होईल असं वाटलं होतं. त्यांनी, काहीतरी द्यायलाच हवं म्हणून, स्कूटरच्या फाटक्या सीटकडे बोट दाखवलं. सर नको नको म्हणेपर्यंत ती शिवून झाली होती.

गुरुवारी आमरीनचा बाक रिकामा होता. सरांनी हजेरी सुरू केली. चीन, हजर. म्यानमार, हजर. भूतान, हजर. अफगाणिस्तानने नेहमीप्रमाणे दारातून आत येता येता हजेरी लावली. पाकिस्तान वगळायचा हे सरांच्या मनात होतं, पण चौदा वर्षांची सवय. तोंडातून नाव निघून गेलं.

“पाकिस्तान?”

“हजर.”

आवाज तीन दिशांनी आला. वर्गात खसखस पिकली. सरांनी चष्मा काढला. खोट्या हजेरीचा त्यांना मनस्वी राग होता. त्यावरून त्यांनी पूर्वी एकाला महिनाभर वर्गाबाहेर ठेवलं होतं.

“कोण कोण पाकिस्तान आहे? उभे राहा.”

करुणा उभी राहिली. संस्कृती उभी राहिली. शेवटच्या बाकावर बन्सी उभा राहिला. तिघांनीही एकमेकांकडे चकित होऊन पाहिलं. कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं, हे उघड होतं.

करुणा म्हणाली, “सर, बांगलादेश आधी त्यांच्यातच होता ना. मला जवळ पडतं.”

संस्कृती म्हणाली, “माझा देश नकाशातच नाय, सर. मला एक दिसणारा पाहिजे व्हता.”

बन्सी बाकावरच्या एका जुन्या कोरीव नावावर बोट फिरवत म्हणाला, “त्या दिवशी मॅचचं मीच बोललो, सर. म्हणून मीच करतो. नेपाळ लहान हाय, दोन्ही हुतील.”

सर रागावणार होते. पण रागवायला जी जागा लागते ती त्यांना मनात सापडेना. ते फळ्याकडे वळले. फळ्यावर पहिल्या दिवसापासूनचा तक्ता होता : डावीकडे एकाखाली एक देश, प्रत्येक देशापुढे त्या मुलाचं नाव. एका देशाला तीन माणसं, त्यांच्या मनात आलं. मग एका माणसाला सगळे देश का नकोत?

त्यांनी डस्टर घेतलं आणि देशांपुढची सगळी नावं पुसली. मग तीच नावं वरच्या बाजूला आडवी लिहिली आणि प्रत्येक नावाखाली उभी रेघ ओढली.

“आजपासून कुणाला देश नाही,” ते म्हणाले. “प्रत्येकाला एक वस्तू. ती घेऊन सगळ्या देशांत जायचं. प्रश्न तेच चार.”

करुणाने हात वर करायच्या आधीच सगळ्यांना कळलं की ती कांदा मागणार. तिच्या घरचा कांदा वैजापूरच्या मार्केट यार्डातून कुठे कुठे जातो, हे ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. बन्सीने वीज घेतली. संस्कृतीने औषधाच्या गोळ्या. भराभर सात रकाने भरले. आमरीनच्या नावाखालचा आठवा तसाच राहिला.

“म्हंजे आता पाकिस्तान सगळ्यांनाच,” बन्सी म्हणाला. आमरीनच्या अब्बांना चौकशीची भीती आहे हे त्याला करुणाकडून कळलं होतं, आणि त्याचं तोंड पुन्हा पुढे पळायला लागलं होतं. “कुणी चौकशीला आलं तर आठ जणांना न्यावं लागंल, सर.”

“नऊ,” सर म्हणाले.

तास संपायच्या आत करुणा फोन घेऊन व्हरांड्यात गेलेली होती. सरांनी तिला हटकलं नाही.

शुक्रवारी सकाळी नूरमोहम्मद स्वतः पोरीला गाडीवर घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, पण खिशात टेप होतीच. ते वर्गाच्या दारातच उभे राहिले. आमरीन खाली मान घालून बाजूला. विषय बदलायचा कागद तिच्या हातात होता, भरलेला.

“सर,” नूरमोहम्मद म्हणाले, “पोरीनं सांगितलं तुम्ही सगळ्यांचे देश काढून घेतले म्हनून. मग हिच्या वाट्याला काय आलं?”

सरांनी फळ्याकडे पाहिलं. रकाना रिकामाच होता. तो कशाने भरायचा हे त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप स्कूटरच्या किल्लीकडे गेला आणि शिवलेली सीट आठवली.

“रिक्षा,” ते म्हणाले.

“कोन्त्या देशाची?”

“सगळ्या.”

नूरमोहम्मद यांनी बाकांवरच्या पोरांकडे एकेक करून पाहिलं, जणू मोजत होते. बन्सीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्याने मान खाली घातली नाही.

“हूडसकट?” त्यांनी विचारलं.

“हूडसकट.”

आमरीन हातातल्या कागदाची घडी घालत गेली, लहान, आणखी लहान. मग आपल्या बाकावर जाऊन बसली. सरांनी खडूने आठवा रकाना भरला.

नूरमोहम्मद जायला वळले आणि थबकले. त्यांची नजर नकाशावर गेली होती. कपड्याचा माणूस फाटकं पाहून पुढे जात नाही. असा का हा, त्यांनी विचारलं.

“वाळवीनं श्रीलंका खाल्ली, काका,” संस्कृती म्हणाली. “आणि सरांचं मालदीव बी.”

त्यांनी कडेला बोट लावून पाहिलं. कागदाचा भुगा बोटाला आला. मग काही न विचारता त्यांनी नकाशा खिळ्यांवरून काढला, गुंडाळी केली आणि काखेत मारला. नकाशा परत येईपर्यंत भिंतीवर फिकट चौकोन राहिला. लाडूंचा डबा बन्सीला पोचला, आणि या वर्षी नेपाळ सगळ्यांना आहे हे कळल्यावर मालनबाईंनी दुसरा घाणा केला.

नकाशा पुढच्या आठवड्यात आला. मागे जाड काळं रेक्झिन, चारही बाजूंनी लाल गोट, वर दोन पितळी कड्या. जिथे जिथे घडी चिरली होती तिथे बारीक टीप मारलेली. सगळ्यात लांब टीप वायव्येला होती, लाहोरच्या अंगाने खाली उतरलेली, आणि ती सगळ्यात सरळ होती. खालच्या बाजूला पांढऱ्या कापडाची कोरी पट्टी जोडली होती.

संस्कृतीने तिच्यावर पुस्तकात पाहून श्रीलंका काढली. डावीकडे खाली सरांनी स्वतः मालदीवचे ठिपके दिले. नूरमोहम्मद यांनी नकाशा खिळ्यांना अडकवला, दोन पावलं मागे येऊन सरळ लागला का ते पाहिलं आणि खिशातून टेप काढली. एक टोक आमरीनने वर धरलं.

साडेपंचेचाळीस इंच.