चिमणीचं उत्तर

आमच्या शाळेत मदतनीस ताईंनी फळ्याला हात लावायचा नसतो. शिकवणारे शिकवतात, आम्ही एखाद्या अडलेल्या मुलाशेजारी खुर्ची टाकून बसतो. आई विचारते, "तू तिथे शिकवतेस की शिकतेस?" मी म्हणते, "दोन्ही नाही, बसते." या उत्तरावर ती अजून खूश झालेली नाही.

माझ्या वाट्याला आठवीतली चिमणी आली. हे नाव मीच ठेवलेलं, तेही मनातल्या मनात. घरी ती अखंड बडबडायची म्हणे, पण वर्गात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. सगळ्यांनी हात टेकले तेव्हा मला तिच्याशेजारी बसवलं. पद्धत साधी होती. सरांनी विचारलं की तिने उत्तर माझ्या कानात सांगायचं, मी ते मोठ्याने म्हणायचं. पुढे हळूहळू मी गप्प व्हायचं आणि तिने बोलायचं, असं ठरलं होतं.

सातवीतल्या मदतनीस ताईला आम्ही तोफ म्हणतो. ती मला म्हणाली, "जीव लावू नकोस. आपली गरज संपली की आपण पास, एवढंच हे काम." सांगायला काय जातं! तोफेच्या कानाशी येऊन कुठे कोणी हसतं? चिमणी उत्तराच्या आधी बारीकसं हसायची, आणि अख्ख्या शाळेत ते हसू फक्त मला माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी मला करमायचं नाही. घरात कोणी काही सांगायला आलं की मी उगाच कान पुढे करायची. "ऐकायला कमी येतं का गं तुला?" आईने एकदा काळजीने विचारलं.

गप्प व्हायचं ते राहूनच गेलं. उलट तिचं मला इतकं कळायला लागलं, की पहिल्या शब्दावरून पुढचं सगळं मीच बोलून टाकायची. सर शाबास म्हणायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या दिवशी भूगोलाच्या सरांनी तिला विचारलं, "नदीकाठी गावं का वसतात?" ती माझ्याकडे झुकली, "लोकांना" एवढंच म्हणाली, आणि मी खड्या आवाजात सांगून मोकळी झाले, "लोकांना प्यायला आणि शेतीला पाणी मिळतं म्हणून."

"शाबास," सर म्हणाले.

"मी असं म्हटलंच नाही."

कोण बोललं ते मलाही क्षणभर कळेना. आवाज जाडसर होता, थोडा भांडखोर. चिमणी उभी राहिली होती, लालबुंद होऊन. सर धोरणी माणूस. काही विशेष घडलंच नाही अशा थाटात म्हणाले, "मग काय म्हटलं होतंस?"

"लोकांना पलीकडे जायचं असतं. होडी येईपर्यंत थांबावं लागतं. थांबता थांबता घरं बांधतात."

वर्ग हसला. तीही हसली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मला तिचा राग आला, खरंच आला. माझ्या कानातलं तिने सगळ्यांना वाटून टाकलं होतं. आणि त्याच वेळी वाटत होतं, बोल गं, बोलत राहा.

त्यानंतर ती बोलतच राहिली. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. "तुम्हीच सांगा, तिला तुमची अजून गरज आहे का?"

हो म्हटलं असतं तर वर्ष संपेपर्यंत मी तिच्याशेजारी राहिले असते. बाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता. हो अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "तिचं तिला जमतंय."

मधल्या सुट्टीत मी खुर्ची उचलायला वर्गात गेले. चिमणीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "ताई, नका ना नेऊ."

माझा जीव सुपाएवढा झाला. असंच बाईंकडे परत जावं, चुकले म्हणावं, पोरीला अजून मी लागते म्हणावं.

"का गं?" मी विचारलं आणि सवयीने तिच्याकडे वाकले.

तिने मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथली एक मुलगी दप्तर कवटाळून उभी होती.

"ही बसणार आहे इथे," चिमणी मोठ्याने म्हणाली. "आम्हाला खूप बोलायचंय."

मी खुर्ची परत बाकाशी सरकवली. "बसा," म्हटलं. "बोला."