सालीखालचा हिरवा रंग

वाचकहो, एका तरुण नीलमोहराचा व त्यावर जीव लावून बसलेल्या एका मातेचा वृत्तांत येथे यथामती निवेदन करीत आहे.

माळीबुवांनी खोडावरून हात फिरवला आणि तो मध्येच थांबला. छातीच्या उंचीवर साल खरवडलेली होती. बोटभर एक जागा, तिला लागून दुसरी, मग तिसरी. टाक्यांप्रमाणे सरळ रेषेत ती रांग मनगटाएवढ्या खोडाला पूर्ण वळसा घालून आली होती.

हे झाड शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या एकुलत्या मुलाने लावले होते. तो आजारात गेला आणि त्याच महिन्यात झाडाची पाने गळाली. बाईंचा धीर सुटला. तेव्हा माळीबुवांनीच समजावले होते, की हे झाड थंडीत उघडे पडतेच. खात्री हवी तर साल जराशी खरवडून पाहावी, आत हिरवे दिसले म्हणजे जीव आहे.

एकदाच पाहावी, हे सांगायचे ते विसरले होते.

"रोज बघते हो," बाई कात्रीचे टोक बाहीला पुसत म्हणाल्या. "त्याच जागी दुखायला नको, म्हणून दररोज शेजारी. समोरच्यांच्या झाडाला पालवी फुटली, आमचा लाडोबा अजून लोळतोय. अगदी त्याच्यासारखा. उठवता उठवता घसा बसायचा माझा."

माळीबुवांनी एक फांदी वाकवली. ती कट्कन मोडली. सालीचे कडे निघाले, की उभे झाड वाळते, हे त्यांना ठाऊक होते.

"माझं काही चुकलं का हो?"

माळीबुवांनी मोडलेली फांदी बराच वेळ न्याहाळली.

"खत, बाई. माझ्या हातून जास्त पडलं. मुळं पोळली."

"तुमच्या हातून? सगळा जन्म मातीत गेला तुमचा, आणि एवढं कळलं नाही?" बाईंचा आवाज फाटला. "त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं मला. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

"बरं."

त्यांनी खुरपे पिशवीत ठेवले. फाटकाशी मात्र त्यांचा पाय अडखळला.

"बुंध्याला पाणी घालत राहा. खालून कोंब येईल कदाचित."

"मुळं पोळलीत ना? मग कोंब कुठून यायचा?"

माळीबुवांनी फाटकाची कडी काढली.

"आला तर दिसेलच, बाई. तोवर नुसतं बघायचं. हात लावायचा नाही."

बाईंनी खोडाकडे पाहिले. मग खरवडलेल्या रांगेवरून नजर फिरवत त्या खोडाभोवती एक फेरी चालून आल्या, अगदी सावकाश. कात्री त्यांनी मुठीत झाकून घेतली.

"उद्या," त्या खाली पाहत म्हणाल्या, "किती वाजता येता?"

लेखणी सराईत नाही. उणे राहिले ते सांभाळून घ्यावे. वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
बापू