खोलीबाहेर

माझे बाबा, सेर्वास, छपरं घालायचे. शेल्डे नदीकाठच्या आमच्या गावातल्या चर्चचं छप्परही त्यांनीच दोनदा घातलं, पण दारातून आत म्हणून कधी गेले नाहीत. माझ्याआधी त्यांना एक मुलगा झाला होता. बाप्तिस्मा व्हायच्या आतच तो गेला. तेव्हाच्या धर्मगुरूने नियमावर बोट ठेवलं आणि बाळाला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलं.

फादर गेर्लाख पुष्कळ वर्षांनी गावात आले. ही गोष्ट कानावर आली तसे ते पहार घेऊन निघाले आणि त्यांनी कुंपणच उपटून बाळाच्या पलीकडे नेऊन रोवलं. संध्याकाळी बाबा बिअरच्या बाटल्या घेऊन फादरांकडे गेले, आणि तेव्हापासून दोघांचं अरे-तुरेवर आलं.

फादरना तोवर फारसं काम उरलं नव्हतं. लग्नं नगरपालिकेत लागायची, रविवारी चर्चमध्ये मोजक्या म्हाताऱ्या यायच्या.

"तुझं दुकान बसलं रे," बाबा म्हणायचे.

"बसलंय खरं. पण बंद करायची चावी माझ्याकडे नाही," फादर म्हणायचे.

मग बाबांना नसांचा आजार झाला. आधी हात गेले, मग गिळणं. बोलणं इतकं जड झालं की मला आणि आईलाच काय ते कळायचं. फादर रोज दुपारी यायचे, सूप भरवायचे, हनुवटी पुसायचे. बाबांना ठसका लागला की त्यांना छातीशी धरून बसायचे.

वसंतात बाबांनी ठरवलं, आता पुरे. आमच्याकडे कायद्याने इच्छामरण घेता येतं. डॉक्टर येऊन गेले, कागद झाले, दिवस ठरला. आई रडली, पण अडवलं नाही. तिचं मागणं एकच होतं: फादरांनी मरणाऱ्याला लावतात ते अखेरचं पवित्र तेल लावावं.

"सायकलच्या साखळीला लाव म्हणावं," बाबा म्हणाले. मी ते फादरना सांगितलं. फादर हसले, पण डोळे हसले नाहीत.

"तू मात्र ये," बाबा पुढे म्हणाले. "प्रार्थना नको. नुसता बस."

फादरांनी सूपचा वाडगा खाली ठेवला. मग म्हणाले, "सेर्वास, सुई टोचेपर्यंत बसेन. त्यानंतर मला बसता येणार नाही. बिशपांचं मनाईचं पत्र आहे म्हणून नाही. मलाच ते चूक वाटतं."

"मग माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे तुझ्यापेक्षा डॉक्टर बरा. त्याला माहीत आहे."

त्या दिवशी फादर सूप न भरवताच गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी ते दारात उभे होते.

ठरल्या सकाळी ते सगळ्यांआधी आले. गळ्याची पांढरी पट्टी काढून साधा स्वेटर घातला होता. आईने कॉफी केली, ती कुणीच प्यायली नाही. फादर बाबांचा हात हातात घेऊन बसले. डॉक्टरांनी बॅग उघडली तसे फादर अर्धवट उठले, पुन्हा बसले. उठावं की बसावं, त्यांना ठरवता येईना. आई त्यांच्याकडे बघत होती.

बाबांच्या तोंडून काहीतरी आलं. फादरांनी माझ्याकडे पाहिलं.

"जा म्हणतायत," मी म्हणाले. "माझ्यासाठी तुझं तत्त्व मोडू नकोस, म्हणतायत."

फादरांनी बाबांच्या कपाळावर ओठ टेकले आणि ते बाहेर गेले. खिडकीतून मला ते दिसत होते. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पाठमोरे उभे होते, खांदे हलत होते. बाबा शांत गेले. मी फादरना बोलवायला गेले, तर ते नुसतं "हो, हो" म्हणत राहिले.

दहनगृहात धर्मगुरूऐवजी बोलायला एक बाई आणल्या होत्या. छान बोलल्या, बाबांना कधी भेटल्या नव्हत्या असं वाटलंही नाही. फादर शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांना कुणी दोन शब्द बोला म्हटलं नाही.

पायऱ्यांवर आईने त्यांना गाठलं. "बाळाच्या वेळीही नियमच होता, फादर."

"हो," ते म्हणाले. बाजू मांडली नाही, माफीही मागितली नाही.

आई त्यानंतर त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या वर्षी पाय अधू झाले म्हणून फादरना वृद्धाश्रमात नेलं. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

मी अधूनमधून जाते. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "रेनिल्डे, मी बाहेर गेल्यावर त्याने दाराकडे पाहिलं का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण या माणसापाशी बाबाही कधी खोटं बोलले नव्हते.

"पाहिलं," मी म्हणाले. "एकदा. मग डोळे मिटले."

त्यांनी मान हलवली. बाहेर जेवणाची घंटा झाली, मदतनीस बाई दारातून डोकावून गेली. मी त्यांची खुर्ची ढकलायला उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"जराशी बस, पोरी," ते म्हणाले. "ते वाढून ठेवतात."