उंबऱ्याआतलं दूध

केराबाईनं धार काढली, शेळीच्या कासेला काजळाचं बोट लावलं आणि भांड्यावर पदर धरला. दारात शेजारची चंद्रव्वा फुलपात्र घेऊन उभी होती.

"दूध न्हाय मिळायचं," केराबाई म्हणाली. "शेळी नुकती व्यालीय. आयतवारी बिरोबाला निवद दावल्याबिगर थेंबबी उंबऱ्याभाईर जात न्हाय. तुला ठावं हाय की."

"व्हय. पर लेक तापानं फणफणलीय, अंगावर दूध न्हाय. जावई तिकडं सोलापुरात गिरणीत. नातू कालपास्नं साखरंच्या पाण्यावर हाय. आता रडायचंबी थांबलाय."

ते शेवटचं ऐकून केराबाईनं भांड्यावरचा पदर बाजूला केला. पण गेल्या वर्षी अशीच दया येऊन तिनं वाटीभर दूध बाहेर दिलं होतं. शेळीची कास दगडासारखी झाली आणि करडू गेलं. आता घरात दुभतं म्हणून ही एकच शेळी होती.

"दूध जायचं न्हाय," ती पुन्हा म्हणाली. चंद्रव्वा वळली.

"आगं, चाललीस कुटं? दूध भाईर जात न्हाय म्हनलं. पोराला आत यायला कुनी आडवलंय?"

चंद्रव्वा वय विसरून पळाली. ती बाळाला घेऊन आली तोवर केराबाईनं दुधात पाणी घालून ते उकळून निववलं होतं. कापसाची वात भिजवून तिनं बाळाच्या ओठाला लावली. दूध नुसतंच ओघळलं. मग ओठ हलले, आणि बाळ असं चोखायला लागलं की वात ओढून काढावी लागली. चंद्रव्वाला रडू फुटलं. केराबाईला इतकं हायसं वाटलं की ती खेकसलीच, "रडतीस काय, वात भिजव!"

पोट भरून बाळ झोपलं. चंद्रव्वा त्याला उचलून निघाली, तशी केराबाई ओरडली.

"थांब! दूध चाललं की भाईर."

"कुटलं दूध?"

"त्येच्या पोटातलं."

हसावं की घाबरावं, चंद्रव्वाला कळेना. केराबाईच्या चेहऱ्यावर हसू अजिबात नव्हतं. तिनं बाळ काढून घेतलं आणि घोंगडीवर निजवलं.

"आयतवारपातूर ह्यो हितंच. तू लेकीकडं बघ जा."

आयतवारी चंद्रव्वा नातवाला न्यायला आली. लेकीचा ताप उतरला होता. तोंडाला चव आली होती, काल तिनं भाकरी मागून खाल्ली होती.

"आनि अंगावर दूध?" केराबाईनं विचारलं.

"आजून न्हाय."

केराबाईनं घोंगडीवरच्या बाळाकडं पाहिलं, मग चुलीकडं. निवदाची खीर शिजत आली होती. तिनं भांडं खाली उतरवलं आणि अंगणात खेळणाऱ्या आपल्या नातवंडांना हाक मारली.

"खावा रं पोरांनो," ती म्हणाली. "निवद म्होरल्या आयतवारी. तवर बाळ हितंच. बिरोबाला काय घाई न्हाय."