निळ्याकडे विरणारे पट्टे

ते साल होते एकोणीसशे एकतीस. मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. तळहाताएवढी, आता एका कोपऱ्याचा टवका उडालेली. पण मला खिडकीची काच समजू नका हं! माझ्या एका अंगाला चांदीच्या क्षारांचा पातळ लेप आहे आणि त्या लेपावर एका ताऱ्याचा उजेड उमटलेला आहे.

आमची वेधशाळा टेकडीवर होती. दुर्बिणीत शिरलेला उजेड लोलकातून जाई आणि निळ्यापासून तांबड्यापर्यंत पसरून माझ्यासारख्या काचेवर पडे. मला रंग टिपता येत नाहीत. माझ्यावर उमटली ती एक करडी, नखाएवढी पट्टी. पण ताऱ्याच्या अंगावर कोणकोणती द्रव्ये आहेत, हे अशाच पट्टीवरून कळते. प्रत्येक द्रव्य उजेडातला आपापला वाटा गिळून टाकते आणि तेवढी जागा रिकामी राहते.

आम्हा काचांना वाचण्याचे काम वेधशाळेच्या प्रमुखांची पुतणी करी. नजर तीक्ष्ण, पण स्वभाव भारी उतावळा. काका तिला ‘घाईबाई’च म्हणत. मला रसायनातून काढून, वाळवून तिने उजेडाच्या मेजावर ठेवले मात्र, आणि ती ओरडली, “काका, कार्बनचा तारा!”

हे काय प्रकरण, ते सांगते. बहुतेक ताऱ्यांत कार्बनपेक्षा ऑक्सिजन जास्त असतो. दोघांची जोडी जमते आणि तारा थंड, तांबडा असला तर उरलेला ऑक्सिजन टायटॅनियम या धातूला जाऊन चिकटतो. कार्बनच्या ताऱ्यात सगळे उलटे. तिथे कार्बनच उरतो. त्याची काजळी ताऱ्याभोवती धरते आणि तारा राखेखालच्या निखाऱ्यासारखा लाल दिसतो. दोन्ही प्रकारच्या ताऱ्यांच्या पट्टीत या रिकाम्या जागांचे रुंद पट्टे दिसतात, अगदी जुळ्या भावंडांसारखे. कार्बनच्या पट्ट्याची तांबड्याकडची कड सुरीने कापल्यासारखी असते आणि तो निळ्याकडे विरत जातो. टायटॅनियमचा पट्टा तांबड्याकडे विरतो. फिकट पट्टीत ओळखायची खूण काय ती एवढीच.

“दोनदा असंच ओरडली होतीस,” काका म्हणाले. “दोन्ही वेळा फुसका बार! ताऱ्यांची यादी या आठवड्यात छापायला जातेय. हाही चुकला तर वाचणं बंद, काचा धुवायला बसायचं. पुतणी म्हणून पाठीशी घालतो, असं लोक बोलायला लागलेत.”

“बसेन. पण आधी बघा तरी!”

काका मेजापाशी बसले. त्या खोलीत तपकीर ओढायची नाही, हा नियम त्यांनीच केलेला आणि तो मोडतही तेच. चिमूट काढण्याआधी ते काच पुस्तकाच्या पानासारखी उलटी करत, म्हणजे लेपावर कण पडू नयेत. पुतणी मेजाखाली उजेड टाकणारा खिडकीचा आरसा नीट करायला वळली, तेवढ्यात त्यांनी मला उलटे केले, चिमूट ओढली, शिंक दाबली. आणि मला पुन्हा सुलटे करायचे विसरूनच गेले.

त्यांनी भिंग लावले. काचेची निळी बाजू नेहमी डावीकडे आणि तांबडी उजवीकडे असे; आता माझे डावे ते उजवे झाले होते.

“हे बघ. तांबड्याकडे विरतोय. टायटॅनियम.”

तिने पाहिले. पट्टा खरेच उजवीकडे विरत होता. तिचा चेहरा पार उतरला. मित्रांनो, मला तोंड असते तर! पण काचेला ना जीभ, ना हात. नंबरही माझ्यावर नव्हता, पाकिटावर होता. नाहीतर उलटी अक्षरे पाहून तरी कुणाच्या ध्यानात आले असते.

“चुकलं माझं,” ती हळूच म्हणाली.

टायटॅनियमच्या ताऱ्यांच्या फिकट काचा टाकाऊ ठरत आणि लेप खरवडून वापरायला वेधशाळेच्या सुताराला देत. रोपांच्या पेटीला झाकण करायला त्याला काचा हव्याच होत्या. तो दारात उभा राहून म्हणाला, “आणा ताई. तुमचा तारा माझ्या कोबीवर छान शोभेल.”

तिला हसू आले नाही. खरवडायच्या काचा लेपाची बाजू वर करून द्यायच्या, अशी तिथली रीत होती. आणि लेप कोणत्या बाजूला आहे हे कळायला ओठ किंचित ओला करून कोपऱ्याला लावायचा. लेप असेल तर ओठ चिकटतो. तिने मेजावरून मला जसेच्या तसे उचलले आणि वरच्या बाजूला ओठ लावला.

चिकटला नाही.

ती थबकली. मग सुताराला तिथेच ठेवून धावली.

“अहो ताई, दिलेली वस्तू परत नेतात का कुठे?”

“काका! तुम्ही तपकीर ओढलीत?”

“छे! कोण म्हणतं?”

“ही काच म्हणते. लावा ओठ.”

काकांनी ओठ लावला. मग मला सुलटे केले, पुन्हा भिंग लावले आणि बराच वेळ डोके वर केले नाही. “निळ्याकडे विरतोय,” ते म्हणाले. “पण एका काचेवर भागायचं नाही, घाईबाई. दुसरी घेऊ.” दोन दिवसांनी आभाळ निवळले. दुसऱ्या काचेनेही तेच सांगितले. तारा यादीत कार्बनचा म्हणून छापला गेला आणि पुतणी वाचनाच्या खोलीतच राहिली.

काकांनी तपकीर काही सोडली नाही. ओढायची तर व्हरांड्यात जात. निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत ते गेले. त्यांचे भिंग पुतणीकडे आले. ती पुढे त्या खोलीची प्रमुख झाली. तिची घाई मात्र जन्मात गेली नाही, स्वतःच्या लग्नाला ती नवऱ्याच्या आधी पोचली म्हणतात. म्हातारपणी डोळे अधू झाले, तरी शिकाऊ मुलींना ती शेजारी बसवून घेई. सुतार लेकीकडे राहायला गेला. आपण एक तारा कोबीवर घालणार होतो, हे तो नातवंडांना रंगवून सांगे. आणि तो तारा अजून आपली काजळी आभाळात उधळतो आहे. तुमच्या पेन्सिलीतला आणि तुमच्या बोटांतलाही पुष्कळसा कार्बन फार पूर्वी ताऱ्यांतूनच उधळला गेलेला आहे.

मी आता तळघरातल्या कपाटात असते. ओल लागून माझा लेप कडेने सुटू लागला आहे. नव्या यंत्रांना काच लागत नाही, म्हणून इकडे कुणी फिरकत नाही. पण तारे बदलतात, मित्रांनो. तो तेव्हा कसा होता, हे उद्या कुणी विचारले तर माझ्याकडेच यावे लागेल. याल तेव्हा हात कोरडे असू द्या आणि मला कडेने धरा. त्या रात्रीचा तो उजेड पुन्हा येणार नाही.