लग्नाच्या अक्षरातली पाटी

मित्रांनो, माझे निम्मे केस झडलेत, तरी अजून मला ब्रशच म्हणतात. परभणीच्या दुकानात नागनाथ पेंटरनं मला अंगठ्यावर घासून पाहिलं आणि सोनपेठजवळच्या आपल्या गावी आणलं.

तिथं लग्न ठरलं की घराच्या भिंतीवर नवरानवरीची नावं रंगवतात. ती वर्षानुवर्षं मीच रंगवली. गोल अक्षर, वेलांटीला पान, उकाराला कळी. लोक म्हणायचे, "नागनाथचं अक्षर बघितलं की पंगतीत बसावं वाटतंय." मी फुगून जायचो.

यंदा फवारणीचं औषध सडकेकडच्या टाकीत सांडलं. टाकी धुऊन होईपर्यंत लावायला ग्रामपंचायतीनं पाटी सांगितली: 'हे पाणी पिऊ नये.' नागनाथनं ती जाग्यावरच लिहिली, पण लग्नसराईच्या हातानं. गुलाबी अक्षर, कडेला पिवळी वेल.

"पाटी हाय का पत्रिका?" गुलाबी रंगाचा डबा धरून उभी असलेली त्याची बायको गीताबाई म्हणाली.

"देखणी नको का?"

तेवढ्यात बाजाराची जीप थांबली. एक म्हातारी उतरली, पाटीकडं बघून हसली आणि सरळ तोटीवर गेली. ओंजळ भरली. ओंजळ तोंडाकडं निघाली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. गीताबाईनं डबा टाकला, पळत जाऊन तिचे हात झटकले.

"घोटभर पाण्यानं तुझं काय जायलंय गं?"

"विष हाय त्यात, मावशी. पाटीवर लिवलंय की."

"मला कुठं वाचता येतंय? फुलं दिसली. वाटलं पाणपोई हाय."

नागनाथ मटकन खाली बसला. त्यानं मला बाजूला ठेवलं. गीताबाईनं टर्पेंटाईनच्या फडक्यानं पाटी पुसली आणि मला स्वतः उचललं. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं; पाटी कधी रंगवलेली नव्हती. तिनं मला लाल रंगात बुडवून दाबलं. जाड, उभी, टोकदार अक्षरं. वेल नाही, पान नाही. इतकं रुक्ष मी जन्मात लिहिलं नव्हतं.

"मावशी, आता लांबून बघा."

म्हातारी सडकेपलीकडं गेली, वळली. कपाळावर हात धरून तिनं पाटी न्याहाळली. नागनाथ खाली मान घालून बसलेला.

"काय लिवलंय ठावं न्हाई," ती शेवटी म्हणाली, "पर हात लावायचं धाडस होईना."

मित्रांनो, मजकूर वाचण्याआधी अक्षराचा चेहरा दिसतो. लिहायच्या आधी तेवढा विचार करा. आणि लिहून झालं की ब्रश धुऊन ठेवत जा. त्या गडबडीत मला कुणी धुतलंच नाही. लाल रंग अजून मुळाशी घट्ट बसलाय, पण त्या एका दिवसाची माझी तक्रार नाही.