वांग्याच्या वावरातली निळी जर्सी

मी बोलतोय वांग्याच्या वावरातून. घाबरू नका, घाबरवणं माझा धंदाच आहे. मी एक बुजगावणं. शिरपूरच्या रस्त्याला लागून हिरालालचा मळा आहे. २०२४च्या संक्रांतीला त्याच्या पोरानं, हर्षलनं, मला उभं केलं. हाडं तुराट्यांची, डोकं फुटक्या मडक्याचं. डोळे त्यानं चुन्यानं काढले, एक मोठा, एक बारका. मला जग तिरपं दिसतं, तेव्हा माझं किती खरं धरायचं ते तुम्ही ठरवा.

त्या वर्षी देशात जे झालं ते मी अंगावर घातलं. एप्रिलात लोकसभा आली. प्रचाराचे उरलेले टी-शर्ट माझ्या वाट्याला आले. निकालापर्यंत मी तीन पक्ष बदलले, तेही जागेवरून न हलता. छातीवरच्या पुढाऱ्याला पाखरं मात्र भ्यायली नाहीत. मतदानानंतर हा इकडं फिरकत नाही, हे त्यांना ठाऊक असावं.

हसू नका, पण ज्याचा कपडा त्याची खोड मला लागते. प्रचाराच्या शर्टात उगाच हात जोडावेसे वाटायचे.

जूनमध्ये वर्ल्डकपची फायनल आली. हर्षल प्रत्येक मॅचला एकच निळी जर्सी घालायचा, न धुता. धुतली की नशीब जातं म्हणे. नेमकी त्याच दिवशी त्याच्या आईनं, कस्तुराबाईनं, ती धुतली. पोरगं रुसून दुसऱ्याच शर्टात मॅच पाहायला गेलं. देश जिंकला. फटाके फुटत असताना मोटरसायकलवर नाचत निघालेला हर्षल वाशीम रोडवर ट्रकखाली गेला.

गेलेल्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. तेराव्यानंतर हिरालालनं गाठोडं बांधलं, जर्सी मागितली.

"वल्ली हाय अजून," कस्तुराबाई म्हणाली.

आणि वाळायला म्हणून तिनं ती माझ्या अंगावर घातली.

तेव्हापासून इथं पाखरू उतरत नाही. वारा पडलेला असतो आणि माझा उजवा हात हर्षलसारखा बॉल टाकायला वर जातो. हिरालालनं ते बांधावरून पाहिलं, मग मळ्यात पाय टाकेना. गावात बायकांच्या योजनेसाठी रांगा लागल्या, ऑलिम्पिक आलं नि गेलं, या घरात टीव्ही लागला नाही. वांगी झाडावर किडू लागली. बायको म्हणायची, तोडायले चला. तो म्हणायचा, आधी ती जर्सी काढ.

नोव्हेंबरात विधानसभा. प्रचारवाल्यांनी नवा टी-शर्ट दिला. हिरालालला निमित्त मिळालं. शर्ट घेऊन तो भल्या सकाळी माझ्याजवळ आला, मागोमाग कस्तुराबाई. त्यानं जर्सीला हात लावला, बोटं चोळत राहिला. दव असेल.

"खरंच वल्ली हाय वं," तो बायकोकडं वळून म्हणाला.

टी-शर्ट त्यानं स्वतःच्याच खांद्यावर टाकला आणि दोघं वांगी तोडायला बसले.

आता तो रोज येतो. तोडता तोडता मला मॅचचा स्कोर सांगतो. जिंकलो की खुशीत सांगतो, हरलो की मलाच शिव्या घालतो. "हर्षल, काहून उन्हात उभा राह्यला बाप्पा? घरी चाल," म्हणतो.

रस्त्यानं जाणाऱ्यांनो, एक विनंती आहे. त्याला सांगा, त्या नावानं मला हाक मारू नको. मला सवय लागते. मघाशी त्यानं हाक मारली आणि मी ओ दिली. तो हबकला नाही. टोपली उचलून बांधापलीकडच्या घरी गेला आणि कस्तुराबाईला म्हणाला, "आज तीन ताटं वाढ."

तिनं तिसरं ताटही मांडलं. वाढलेलं ताट मला इथून दिसतंय. दोघं दाराकडं बघत बसलेत, आणि माझे पाय जमिनीत पुरलेले.